तेलीबांध्याहून सुटणारी छोटी लाइन

तलावाकाठची झगमग, खाऊच्या गाड्या, हातात मोबाइल धरून फिरणारी जोडपी, रायपूर ज्याला आज मरीन ड्राइव्ह म्हणतं ते सगळं क्षणभर नजरेआड कर. जवळून जाणारा एक्सप्रेस-वेही उचलून बाजूला ठेव. त्याच पट्ट्यावर तुला रूळ दिसतील. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फुटांचं. विसावं शतक उजाडता उजाडता बंगाल-नागपूर रेल्वेने टाकलेला हा रायपूर-धमतरी फाटा. गावातली माणसं त्याला छोटी लाइन म्हणतात. दोन्ही अंगांना धान कापून नेलेली रिकामी शेतं, मधोमध बैठं स्टेशन. शहर मागे राहिलं. तेलीबांधा म्हणजे गावाबाहेर.

फेब्रुवारी १९६५ ची सकाळ आहे आणि तू नवी नवरी आहेस. वाचणारा पुरुष असलास तरी आजचा दिवस नवरीच हो, कारण या प्रवासातलं सगळं तिलाच पहिल्यांदा दिसतं.

तू नागपूरच्या महाल भागातली. मार्गशीर्षात लग्न झालं, हावडा मेलने रायपूरला आलीस आणि तात्यापाऱ्यातल्या वाड्यात माप ओलांडलंस. इथली मराठी घरं भोसल्यांच्या फौजेमागोमाग आली, काही नंतर रेल्वे, कचेऱ्या आणि शाळांच्या नोकऱ्यांमागे आली. सासूबाई मराठीत बोलता बोलता मधेच छत्तीसगढीत शिरतात, हे कळायला तुला आठवडा लागला. आठ-नऊ वर्षांपूर्वीपर्यंत नागपूर ही या प्रांताची राजधानी होती. १९५६ च्या नोव्हेंबरात रेघ सरकली, तुझं माहेर मुंबई राज्यात गेलं आणि सासर मध्य प्रदेशात राहिलं. आईला पत्र टाकलं की तिला वाटतं, लेक परदेशी गेली.

आणि आज तुम्ही दोघं रायपूरच्या मोठ्या स्टेशनावर न चढता सायकलरिक्षाने इथवर आला आहात. कारण यांनीच काल रात्री कुजबुजत सांगितलं होतं, ''अगं, रायपूर स्टेशनवर तात्यापाऱ्यातलं कुणी ना कुणी भेटणारच. मग ते राजिमपर्यंत आपल्याच डब्यात. आपण तेलीबांध्याला चढू.'' लग्नानंतर माहूरच्या रेणुकेचं दर्शन झालं होतं, पण ते सासू-सासरे, दीर, नणंद आणि दोन आत्या अशा लवाजम्यासह. दोघांनीच कुठे जायचं ही पहिलीच खेप. घरी सांगितलं आहे राजिमचं देवदर्शन. सासूबाईंनी खणा-नारळाची पिशवी स्वतः भरून दिली, ''राजीवलोचनाला जोडीने नमस्कार करून या,'' म्हणाल्या. पुढे सिहाव्याच्या डोंगरापर्यंत जायचा बेत फक्त मोठ्या जाऊबाईंना ठाऊक आहे. त्यांनी तो पोटात ठेवला. अशा जावा घरोघरी असत, म्हणून कितीतरी संसारांना सुरुवातीचे चार मोकळे दिवस मिळाले.

गाडीला वेळ आहे. ट्रंकेवर बस. मनगटावरच्या पाटल्या उन्हात धरून बघ, जुन्या सोन्याचा रंग आहे त्यांचा. त्या सासूबाईंच्या. तुझ्यासाठी नव्या घडवल्या नाहीत, कारण १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि नव्या दागिन्यात १४ कॅरेटच्या वरचं सोनं घालायला बंदी झाली. चीनशी झालेल्या लढाईनंतरचे ते दिवस. सराफ्यात कारागीर हात बांधून बसले होते, कित्येकांनी धंदा सोडला. सासूबाई म्हणाल्या, ''चौदा कॅरेट माझ्या सुनेच्या हातात नको,'' आणि स्वतःच्या काढून दिल्या. पाहायला गेलं तर सरकारी नियमाने घडवून आणलेला हा आहेर, पण त्या दुपारी तुमच्या दोघींमधलं अवघडलेपण गेलं.

बाकीचा आहेर घरी माळ्यावर आहे. पितळी डबे, तांब्याचा बंब, आणि त्या काळी अपूर्वाईची अशी स्टेनलेस स्टीलची सहा ताटं. प्रत्येकाच्या काठावर बारीक छिन्नीने ठिपका-ठिपका ठोकून कोरलेलं देणाऱ्याचं नाव आणि तारीख. बोट फिरवलं तर अक्षरं खरखरीत लागतात. साठ वर्षांनी नातवंडं त्याच ताटात जेवताना विचारतील, हे नाव कुणाचं? शेजारच्या छत्तीसगढी कुटुंबाने त्यांच्या रीतीने टिकावन केलं. तुमच्या दोघांच्या कपाळी पिवळे तांदूळ लावले आणि काशाची भांडी पुढ्यात ठेवली. त्या घरची तुझ्याच वयाची सून संक्रांतीनंतर आली, तुझ्या कानामागे भोजलीचे पिवळे कोंब खोवल्यासारखं करून हसली, म्हणाली, पावसाळ्यात आपण दोघी भोजली बदायची. म्हणजे सख्ख्या बहिणीसारखी जन्मभराची मैत्री. त्यानंतर एकमेकींना नावाने हाक मारायची नाही, ''भोजली'' म्हणूनच बोलवायचं. तुला हे अजून नीटसं समजलेलं नाही, पण सासरी मिळालेल्या सगळ्या भेटींत ही सर्वांत टिकाऊ निघेल.

संक्रांतीला चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने झाले. तीन दिवसांनी पौषी पौर्णिमेला दारात पोरांचा घोळका झोळ्या घेऊन उभा, छेरछेरा मागायला. नवं धान घरात आलं की ते दारी आलेल्याला द्यायचंच. सासूबाईंनी सूप तुझ्या हाती दिलं. महालातल्या मुलीने पहिल्यांदा धानाच्या ओंजळी भरभरून दिल्या.

शिट्टी ऐकू येते का? गाडी आली.

डबे बुटके. दारात वाकायला लागतं, आणि समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांचे गुडघे गुडघ्यांना लागतात. घरी पदर सावरून चार हात लांब चालणारी तू इथे नवऱ्याला खेटूनच बसतेस, कारण दुसरी जागाच नाही. मला विचारशील तर छोट्या लाइनीने नव्या जोडप्यांवर केलेला हा मोठाच उपकार. खिडकीत बसू नको, कोळशाचे कण डोळ्यांत जातात. तू बसतेसच. माना, भाटगाव, केंद्री. गाडी सायकलवाल्याच्या थोडी पुढे, इतकीच. समोरची म्हातारी ओच्यातून मुर्रा, म्हणजे चुरमुरे, काढून तुझ्या ओंजळीत घालते, ''कहाँ जाथस नोनी?'' तू यांच्याकडे बघतेस. हे हसून सांगतात, ''राजिम.'' म्हातारी तुझ्या हिरव्या चुड्याकडे बघून मान डोलावते. राजिमची पुन्नी, म्हणजे माघी पौर्णिमेची जत्रा, शिवरात्रीपर्यंत भरलेली असते. निम्मा डबा तिकडेच चालला आहे.

अभनपूरला फाटा फुटतो. सरळ लाइन धमतरीला, डावीकडची राजिमला. तू डावीकडच्या गाडीत बस.

राजिमला महानदीत पैरी आणि सोंढूर येऊन मिळतात. माघात पात्र बहुतेक वाळूचंच असतं. राजीवलोचनाचं देऊळ काठावर आहे, कुलेश्वर महादेव मात्र नदीच्या पोटात, उंच जोत्यावर. तिथे पूल नाही. वहाणा हातात घे, पातळ घोट्याच्या वर धर आणि चाल. वाळू गार आहे, मग एकदम पाणी, पोटरीपर्यंत. यांनी हात पुढे केला. भर जत्रेत, हजार माणसांसमोर. घेऊ की नको, या विचारात तू क्षणभर थांबतेस आणि घेतेस. कुणीही वळून बघत नाही. बायका-पोरं, गाठोडी, कडेवरची लेकरं, सगळेच एकमेकांना धरून पाणी ओलांडत आहेत.

राजिम नावाच्या तेलिणीची गोष्ट इथे जो तो सांगतो. नदीत तिच्या पायाला एक दगड लागला, तिने तो घरी नेला, त्यावर ठेवलेलं तेलाचं भांडं कधी रितं होईना. पुढे कळलं की ती विष्णूची मूर्ती. देवाच्या नावाशी भक्तिणीचं नाव कायमचं जोडलं गेलं. गाभाऱ्यासमोर खण-नारळ ठेवताना तुला ते आवडतं.

जत्रेत देवार बायका गोदना गोंदत बसल्या आहेत. सुया, काजळीचा रंग, हळद. तुझ्या आजीच्या कपाळावर गोंदण होतं, आईने करून घेतलं नाही. तू पाटल्यांच्या मागे, मनगटाच्या आतल्या बाजूला, तांदळाएवढे तीन ठिपके काढून घेतेस. झोंबतं, पण हात मागे घेत नाहीस. देवारीण सांगते, सोनं-चांदी इथेच राहतं, मेल्यावर हाच एक दागिना बाईबरोबर जातो. छत्तीसगढच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हे म्हणत आल्या आहेत. सोन्याच्या कायद्याची कथा ताजी असताना ते ऐकलं की अंगावर काटा येतो.

धर्मशाळेत रात्र काढून पुन्हा अभनपूर, तिथून धमतरी. ही लाइन कशासाठी टाकली ते धमतरीला उतरल्यावर दिसतं. सागाचे-सालाचे ओंडके, हिरड्याची पोती, लाखेची पोती. जंगलातला माल इथे यायचा आणि अडीच फुटी रुळांवरून मोठ्या लाइनीला जाऊन मिळायचा. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर आहेत, त्यामुळे त्यांना धमतरी वेगळीच दिसते. कंडेलच्या शेतकऱ्यांनी १९२० मध्ये कालव्याच्या पाणीपट्टीविरुद्ध सत्याग्रह केला तो कालवा, रुद्रीचा बंधारा, १९२३ ला पुरं झालेलं आणि पाणी आपोआप ओढून टाकणाऱ्या सायफनच्या सांडव्याचं माडमसिल्लीचं धरण. बसच्या खिडकीतून बोट दाखवून ते सांगत राहतात. दुधावा धरणाच्या कामावर त्यांनी उमेदवारी केली, ते धरण नुकतंच पुरं झालं आहे. आतापर्यंत घरात तू त्यांना ताटावर बसून ''वाढ'' आणि ''पुरे'' एवढंच बोलताना ऐकलं होतंस. हा माणूस इतका बोलतो हे तुला आज कळतं आहे.

थोडं दूर, महानदीच्या दरीकडे बघ. तिथे झाडी आहे, गावं आहेत, अंगारमोतीचं ठाणं आहे. पुढच्या दशकात गंगरेलचं धरण बांधलं जाईल आणि ती गावं पाण्याखाली जातील. देवीला काठावर नव्या जागी आणतील. धरणाच्या पाण्यावर भिलाईचा कारखाना आणि रायपूरचे नळ चालतील, पण ज्यांची घरं गेली त्यांचं दुःख त्याने हलकं होत नाही. आज बसमध्ये तुझ्या शेजारी बसलेली बाई त्यातल्याच एखाद्या गावची असेल. तिच्या मांडीवरच्या टोपलीत कोंबडी आहे आणि ती लेकीकडे निघाली आहे.

नगरीच्या पुढे दोन्ही बाजूंनी सालाचं रान. इथले लोक त्याला सरई म्हणतात. सिहाव्याला विश्रामगृहात उतरा. चौकीदाराच्या घरून तांदळाच्या पिठाचा चीला आणि पताल, म्हणजे टोमॅटोची, झणझणीत चटणी येते. रात्री त्याने बजावलं, पहाटे अंधारात निघू नका, अस्वल उतरतं. रानात वाघही आहे. दाराला कडी लावून तुम्ही कंदिलाच्या उजेडात गप्पा मारत बसता. आता ट्रंकेच्या तळातून हे वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढतात. पांढरे कॅनव्हासचे बूट. तुझ्या मापाचे.

''माप कसं कळलं?''

''उंबऱ्यात चपला असतात ना तुझ्या. वितीने मोजलं.''

घरी हे बूट दिसले असते तर काय झालं असतं, या विचाराने तुम्ही दोघं तोंड दाबून हसता. तूही वळकटीतून तुझी वस्तू काढतेस, माघाच्या थंडीसाठी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. एक बाजू बोटभर लांब झाली आहे. ते लगेच अंगात घालतात.

सकाळी ऊन वर आल्यावर निघा. शृंगी ऋषींचा डोंगर फार उंच नाही. पण खाली उभं राहून पाहिलं की काळे गुळगुळीत खडक एकावर एक रचून ठेवलेले दिसतात आणि छातीत धस्स होतं. गोल पातळ नेसून खडक चढायचा तर निऱ्या कमरेला खोचाव्या लागतात. खोच. इथे बघायला कुणी नाही. पहिल्या वळणाला दम लागतो, दुसऱ्याला लाज जाते, तिसऱ्याला तू पुढे आणि ते मागे. बूट खडकाला पकड घेतात. सालाच्या वासात मोहराचा वास मिसळला आहे. पळसाच्या काळ्या बोंड्या फुटायला लागल्या आहेत.

यांच्या खांद्याला कॅमेरा आहे, मामांनी आहेरात दिलेला आगफा क्लिक. १२० चा रोल, १२ चौकोनी फोटो. एक काढला की बाजूची कळ फिरवायची आणि पाठीमागच्या लाल काचेच्या बारीक खिडकीत पुढचा आकडा उगवेपर्यंत बघत राहायचं. राजिमला चार संपले, धमतरीला एकही काढला नाही. खडकावर बसलेली तू, एक. दुसऱ्यासाठी तू कॅमेरा हातात घेतेस. हातांनी धरून, श्वास रोखून, कळ दाबतेस. वाड्यातल्या कुठल्याच सुनेने आजवर फोटो काढलेला नाही, सगळ्या काढून घेतात. स्वेटर घातलेला, एका बाजूने लांब, हसणारा नवरा. फोटो थोडा तिरका येणार आहे.

माथ्यावर ऋषींचं छोटं देऊळ आणि जवळच कुंड. तू महानदीचा उगम म्हणून काय काय कल्पना केली होतीस! समोर आहे ते खडकातलं इवलंसं पाणी, कळशी बुडेल न बुडेल एवढं. इथून निघून ही नदी साडेआठशे किलोमीटर जाते, हिराकूदची भिंत ओलांडून ओरिसातून बंगालच्या उपसागराला मिळते. भूगोलाच्या पुस्तकांत उगम जवळच्या फरसिया गावाशी दाखवतात. इथली माणसं मात्र या कुंडालाच मानतात. ते म्हणतात, महानदी आधी पूर्वेला गेली आणि ऋषींना भेटायचं राहिलं म्हणून माघारी वळली. परवा ज्या पात्रात तुम्ही हात धरून पाणी ओलांडलंत ते हेच पाणी.

पुजारी दुसरी गोष्ट सांगतो. शृंगी ऋषी रानात वाढले, त्यांनी जन्मात बाई पाहिली नव्हती. त्यांचं लग्न झालं शांतेशी, जी कथेनुसार दशरथाची लेक, रामाची थोरली बहीण. या डोंगराशी तिचंही ठाणं आहे. आणि कौसल्येचं माहेर दक्षिण कोसल, म्हणजे हा मुलूख. त्यामुळे छत्तीसगढला राम हा भाचा. इथे मामा भाच्याच्या पाया पडतो तो या नात्याने. तुला नागपूरपासून राम ठाऊक आहे, पण तो नात्यातला असतो हे नवं आहे. राजवाड्यात वाढलेली मुलगी या खडकावर, बाईमाणूस कधी न पाहिलेल्या नवऱ्याबरोबर कशी राहिली असेल? कुणाशी बोलली असेल? पुजाऱ्याला हे विचारायचा धीर होत नाही. परत उतरताना तू यांना विचारतेस आणि तुम्ही डोंगर उतरेपर्यंत त्यावरच बोलत राहता.

त्याआधी एक काम. बाकीचे फोटो वाटेत संपले, आता बारावा आकडा लाल खिडकीत आला आहे. पुजाऱ्याला कळ कुठे दाबायची ते दाखवून तुम्ही कुंडापाशी उभे राहता. दोघांचा मिळून एकच फोटो. मधे वीतभर अंतर, नजर कॅमेऱ्यात, पायांत तुझे पांढरे बूट.

खाली कर्णेश्वर महादेव बघा. भिंतीत शके १११४ चा, म्हणजे इसवी सन ११९१-९२ चा शिलालेख आहे, कांकेरच्या सोमवंशी कर्णराजाचा. ऊन उतरतं आहे. धमतरीची बस चुकवू नका.

त्याच वर्षी पुण्या-मुंबईची जोडपी माथेरानला आणि महाबळेश्वरला जात होती, इकडची ऐपतदार मंडळी पचमढीला. तिथे हॉटेल होतं, घोडा होता, थंड हवा होती. पण बूट वितीने मोजून घ्यावे लागले, नदी हात धरून ओलांडावी लागली, बस आणि गाडीत तासन्‌तास खेटून बसावं लागलं, हे सिहाव्याच्या वाटेने दिलं. माझ्या मते हाच खरा मधुचंद्र. आणखी एक गोष्ट या वाटेने केली. महालातून आलेल्या मुलीला या मुलखात नाती मिळाली. नदी ओळखीची झाली, राम भाचा झाला, शेजारीण भोजली झाली. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात पुढे हळदीकुंकवाला बसलेल्या बायका ''आपल्या छत्तीसगढात'' असं सहज म्हणू लागल्या, ते या असल्या प्रवासांमुळे.

आता ये परत. तेलीबांध्याचे रूळ मागच्या दशकात उखडले गेले, त्या पट्ट्यावर एक्सप्रेस-वे झाला. मार्च २०२५ मध्ये रायपूरहून अभनपूरला ब्रॉडगेजची गाडी सुरू झाली, पण ती मंदिर हसौद आणि नवा रायपूर करत जाते, तेलीबांध्याला शिवत नाही. राजिमची पुन्नी अजून भरते. शृंगी ऋषींच्या डोंगरावर आता पायऱ्या आहेत, कुंड तेवढंच आहे.

घरात नवं लग्न झालं असेल तर दोघांना सिहाव्याला पाठव. रायपूरहून मोटारीने दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पहाटे निघून रात्री परत येता येतं, पण एक मुक्काम करावा. माघ-फाल्गुनात जावं, वैशाखात खडक तापतात आणि पावसाळ्यात त्यांना शेवाळ धरतं. आणि घरात आजी असेल, तर तिला तिच्या पहिल्या प्रवासाविषयी या आठवड्यात विचार. ती सांगेल ते लिहून घे, तारखेसकट.